आपली गल्ली, आपला प्रभाग: सांगली-मिरज-कुपवाडमधल्या वस्ती सुधारणेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या वस्त्यांमध्ये बैठकीला बसलं की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणाला रस्ता हवा असतो, कुणाला गटार. कुणाच्या घराचे कागद अडकलेले असतात, कुणाला पुराची धास्ती असते. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना बाजू रहिवाशांची घेतली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वस्तीचं पुनरुज्जीवन म्हणजे काय? पेव्हिंग ब्लॉक, कमान आणि रंगवलेल्या भिंती?

नाही. कमान आणि रंग शेवटी आले तर चालतील, आधी नकोत. जी माणसं आज त्या वस्तीत राहतात, तीच माणसं तिथेच राहून बऱ्या स्थितीत जगू लागली, तर वस्ती सुधारली. पावसाळ्यात पोरं चप्पल हातात न घेता शाळेत जाऊ शकतात का? रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर रिक्षा दारापर्यंत येते का? घर स्वतःच्या नावावर आहे का, त्यावर बँक कर्ज देते का? गल्लीतल्या बाईला चार तासांचं काम घराजवळ मिळतं का? या प्रश्नांची उत्तरं बदलली तर सुधारणा झाली. माणसं उठवून जागा मोकळी केली आणि तिथे बाग फुलवली, तर जागा सुधारली असेल, वस्ती नाही.

सुरुवात कुठून करायची?

निवेदनापासून करू नका. आमच्या गल्लीत रस्ता नाही, गटार नाही, दिवे नाहीत, अशी सात-आठ मागण्यांची निवेदनं महापालिकेत गठ्ठ्याने पडलेली असतात. ‘रस्ता नाही’ एवढ्या माहितीवर शाखा अभियंत्याला काही करता येत नाही, म्हणून ती पुढे सरकत नाहीत.

सुरुवात गल्लीफेरीने करा. जोराचा पाऊस पडून गेला की तासाभरात बाहेर पडा, पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं ते बघा. बायका, रिक्षावाले, घंटागाडीवरचे कामगार आणि भाजी विकायला येणारी बाई यांना सोबत घ्या. गल्लीची खरी माहिती त्यांच्याकडे असते. घरातून सकाळी नऊला निघून रात्री नऊला येणाऱ्या माणसाकडे ती फारशी नसते.

एका गुंठेवारी भागातली, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्तीतली गोष्ट. कागदावर नकाशा काढायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा बायकांनी रस्त्यावरच रांगोळीने गल्ली काढली. घरांच्या जागी खडे ठेवले आणि पाणी साचतं तिथे गेरू टाकला. गेरूचे डाग एका कोपऱ्याभोवती गोळा झाले. तिथे रस्त्याखालून गटार पलीकडे नेणारा पाइप होता. दोन्ही बाजूंचं गटार दीड फूट रुंद आणि मधला पाइप सहा इंची! वर्षानुवर्षं ‘गटार साफ होत नाही’ अशी तक्रार चालू होती, पण दुखणं साफसफाईचं नव्हतंच. नववीतल्या एका मुलीने तो रांगोळीचा नकाशा आलेखाच्या कागदावर उतरवला आणि पाइपाशेजारी पट्टी धरून फोटो काढला. तो कागद बघितल्यावर अभियंत्याने फार प्रश्न विचारले नाहीत, क्रॉस ड्रेनचं इस्टिमेट काढायला घेतलं.

एक मागणी, एक जागा, एक फोटो आणि एक माप. सुरुवातीला एवढंच. ती मागणी पूर्ण झाली की गल्लीतली गप्प बसलेली माणसंही बैठकीला यायला लागतात.

आमचा प्लॉट गुंठेवारीतला आहे. आम्हाला सुविधा मागण्याचा हक्क आहे का?

आहे. घाबरून गप्प बसायचं कारण नाही, पण हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शहराभोवतालच्या शेतकऱ्यांनी बिगरशेती परवानगी आणि मंजूर ले-आउट न घेता एक-एक, दोन-दोन गुंठे विकले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखत होत नव्हतं, म्हणून कुठे साठेखत, कुठे नुसता स्टॅम्प पेपर. हमाल, गवंडी, मार्केट यार्डातले कामगार, एमआयडीसीत जाणारे, निवृत्त शिपाई, शिवणकाम करणाऱ्या बायका अशा हजारो लोकांनी हप्त्याने पैसे भरून ही जागा घेतली. मंजूर प्लॉट त्यांना परवडत नव्हता आणि सरकारी घर मिळत नव्हतं. या लोकांना ‘बेकायदा’ म्हणून हिणवलेलं ऐकलं की राग येतो. शहराला त्यांचे हात हवे होते, पण त्यांच्या राहण्याची सोय शहराने केली नव्हती.

२००१ मध्ये महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम आला. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीला प्रशमन शुल्क (नियम मोडल्याबद्दलचा दंड) आणि विकास शुल्क भरून नियमित होण्याची वाट त्याने मोकळी केली. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. त्यामुळे पूर्वी ‘तुमचं बसत नाही’ म्हणून परत पाठवलेल्यांनी पुन्हा चौकशी करावी.

अर्ज करण्यापूर्वी घरात असलेला प्रत्येक कागद एका फाइलीत लावा: साठेखत, सात-बारा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुनं लाइट बिल, पाणीपट्टी, रेशन कार्ड. ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासून तुम्ही तिथे होता, हे दाखवायला जुन्या पावत्या फार उपयोगी पडतात. पुरात कागद भिजलेल्यांनी महापालिकेच्या घरपट्टी विभागातून आणि वीज कंपनीकडून जुन्या नोंदींच्या नकला मागाव्यात.

अर्ज एकेकट्याने करण्यापेक्षा गटाने करा. शेजारच्या वीस घरांनी मिळून परवानाधारक अभियंत्याकडून मोजणी आणि नकाशा करून घेतला तर खर्च वाटला जातो. शिवाय रस्त्याची रुंदी आणि गटाराची जागा एकदमच ठरते. एकेकट्याने केलं तर प्रत्येक जण आपली भिंत वाचवतो आणि रस्ता आठ फुटांवर येतो.

आणि एजंटाच्या हातात मूळ कागद कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत खिडकीवर स्वतः दाखवा.

नियमित झालं की रस्ता, गटार आपोआप येतं का?

येत नाही. प्रमाणपत्राने तुमची बाजू भक्कम होते, बँकेचं दार उघडतं, बांधकाम परवानगी मागता येते. रस्त्यासाठी मात्र वेगळा पाठपुरावा करावा लागतो. आपल्या भागातून विकास शुल्क किती जमा झालं आणि त्यातून कोणती कामं झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही तर पहिलं अपील करा. प्रश्न मात्र नेमका हवा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर काहीच हाती लागत नाही.

शामरावनगरसारख्या भागात पावसाळा संपला तरी पाणी का हटत नाही?

जमीन काळी आहे, सखल आहे आणि पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. नुसता मुरूम टाकून केलेला रस्ता म्हणूनच पहिल्या पावसात खचतो. गुंठेवारीत दरवर्षी जूनमध्ये मुरमाची मागणी होते, दोन-चार डंपर येऊन पडतात, ऑगस्टपर्यंत तो चिखलात मिसळून जातो आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच मागणी होते. हा पैसा वाया जातो.

दुसरं कारण आपल्याकडच्या ओतांचं. शहरातलं पाणी नदीकडे नेणारे नैसर्गिक नाले आणि ओत जागोजागी भराव टाकून अरुंद केले गेले, काही ठिकाणी त्यांच्यावर बांधकामं झाली. वरून येणारं पाणी तेवढंच, वाट मात्र निम्मी. म्हणून रस्ता मागण्याआधी पाण्याची वाट मागा. क्रम असा ठेवा: आधी नाला मोकळा, मग भुयारी गटार, मग पाण्याची लाइन, मग पावसाचं गटार, सगळ्यात शेवटी रस्ता. हा क्रम मोडला की नवा काँक्रीट रस्ता सहा महिन्यांत फोडलेला दिसतो. आपण सगळ्यांनी ते बघितलं आहे.

रस्ता तर झाला, पण आता पाणी घरात शिरतं. असं का?

जुना रस्ता न खोदता त्यावर नवा थर दिला म्हणून. दर वेळी रस्ता चार-सहा इंच वर येतो आणि घराचा उंबरा तेवढा खाली जातो. काम सुरू होण्यापूर्वीच लेखी मागणी करा की आधी खोदाई करावी आणि रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवावी. खडी पसरल्यावर बोलून उपयोग नसतो. काम चालू असताना गल्लीतल्या दोघांनी उभं राहून जाडी मोजावी. अभियंत्याच्या मोजमाप पुस्तकात किती लिहिलं गेलं, तेही नंतर मागवता येतं.

आमची वस्ती पूरपट्ट्यात आहे. आम्ही उठून जायचं का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि दोन ओळींत त्याचं उत्तर देणारा माणूस पुरात अडकलेला नसतो.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ लाही ते ५० फुटांच्या पुढे होतं. हरभट रोड, कापड पेठ, मारुती चौक पाण्याखाली गेले की शहराला पूर आल्याची बातमी होते. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड इथल्या माणसांना पूर त्याच्या कितीतरी आधी दारात दिसतो. त्यांचं सामान दर दोन-तीन वर्षांनी शाळेच्या खोलीत जातं. कोयना धरणाचा विसर्ग, मधल्या खोऱ्यातला पाऊस आणि हरिपूरच्या संगमावर वारणेचा फुगवटा हे एका वेळी आले की पाणी उतरायचं नाव घेत नाही.

नियमांत दोन रेषा आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला निर्बंधित. तुमचं घर कुठे पडतं हे ऐकीव माहितीवर ठरवू नका. नगररचना विभागात सर्व्हे नंबर घेऊन जा, नकाशावर प्रत्यक्ष बघा.

निळ्या रेषेच्या आत असाल, तर नवं बांधकाम करू नका आणि तिथे प्लॉट विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. आधीपासून राहत असाल, तर स्थलांतराची बोलणी सगळ्या वस्तीने मिळून करावीत. त्यात तीन गोष्टींवर हटू नये. नवी जागा कामाच्या ठिकाणापासून लांब नसावी. घर स्त्रीच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असावं. आणि जुनं घर सोडण्यापूर्वी नवं राहण्याजोगं तयार असावं. धुणीभांडी करणारी बाई शहराबाहेर आठ किलोमीटरवर राहायला गेली की तिची चार घरं सुटतात आणि महिन्याभरात ती पुन्हा जुन्या वस्तीत भाड्याने राहायला येते. अशा स्थलांतराला पुनर्वसन म्हणता येत नाही.

निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असलेल्यांनी पुरासह जगण्याची तयारी करावी. जोतं उंच, विजेचा मीटर आणि बोर्ड वरच्या उंचीवर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या डब्यात. आणखी एक साधं काम प्रत्येक वस्तीने करावं. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं ती खूण खांबांवर ऑइलपेंटने कायमची काढून ठेवा आणि आपल्या गल्लीत पाणी शिरतं तेव्हा आयर्विनला किती फूट असतं हे खाली लिहा. एका वस्तीत असं लिहिल्यावर लोक ‘पाणी वाढतंय म्हणे’ या अफवेवर पळायचे थांबले. पातळीचा आकडा ऐकून, आपल्याला अजून किती वेळ आहे, हे हिशोबाने ठरवू लागले. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बायका आणि जनावरं असलेली घरं यांची यादी मे महिन्यातच करा, कुणाला कोण उचलणार त्या नावांसकट.

मंडळाची नोंदणी करायलाच हवी का?

पहिल्या वर्षी नको. आधी काम करून बघा, कोण टिकतं ते कळेल. पैसे गोळा करायचे झाले, बँक खातं हवं झालं, तेव्हा नोंदणी करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. त्यानंतर दरवर्षी हिशोब तपासून द्यावे लागतात. ते जमणार नसेल तर नोंदणीच्या भरीस पडू नका.

पुष्कळ गल्ल्यांमध्ये गणेशोत्सव मंडळ आधीपासून असतं. त्यांच्याकडे पोरं आहेत, वर्गणीचं पुस्तक आहे, मांडव घालणाऱ्यापासून वायरमनपर्यंत ओळखी आहेत. त्या पोरांना जूनमध्ये नाला बघायला सोबत घ्या. अट एकच. बैठक मंडळाच्या कट्ट्यावर रात्री दहाला ठेवली तर बाया येणार नाहीत. दुपारी तीन ते पाच ही वेळ आणि शाळेचा व्हरांडा ही जागा बरी.

नगरसेवकाकडे जायचं की कार्यालयात?

दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे एकाच कागदाची पोच घ्या.

९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महानगरपालिका झाली. २०१८ च्या निवडणुकीत २० प्रभागांतून ७८ नगरसेवक निवडून आले होते आणि २०२३ मध्ये त्यांची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात पुष्कळांना वाटलं की आता तक्रार कुणाकडे करायची. पण कार्यालय कधी बंद नसतं. कचऱ्यासाठी स्वच्छता निरीक्षक, गटार-रस्त्यासाठी शाखा अभियंता, दिव्यांसाठी विद्युत विभाग आणि या सगळ्यांच्या वर प्रभाग समितीचे सहायक आयुक्त. या चार पदांचे फोन गल्लीतल्या प्रत्येक घरात लिहिलेले असावेत.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर पाच लाखांच्या वर होतं. त्याखाली, मतदान केंद्राच्या पातळीवर, क्षेत्रसभेची तरतूदही २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात आली. गावाला ग्रामसभा असते तशी शहरातल्या मतदारांनी बसून आपल्या भागातल्या कामांचा प्राधान्यक्रम ठरवायचा, असा तिचा हेतू. ही सभा मागून घ्यावी लागते. लेखी मागा, पुन्हा मागा. ती भरत नाही तोवर आपली सभा आपणच भरवा, ठराव लिहा, सह्या घ्या आणि प्रभाग कार्यालयात नेऊन द्या. शंभर सह्यांचा ठराव बाजूला सारताना कुणीही दोनदा विचार करतो.

पैसा कुठून येतो?

महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, वित्त आयोगाच्या अनुदानातून, जिल्हा नियोजन समितीकडून, आमदार-खासदार निधीतून. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी असतात आणि त्यातला किमान १५ टक्के वाटा अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. अशा वस्त्यांसाठी लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना आहे. अण्णाभाऊ आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे. त्यांच्या नावाची योजना त्यांच्या जिल्ह्यातल्या वस्त्यांना पुरेपूर मिळायला हवी. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिव्यांगांसाठी ५ टक्के राखीव असतात, त्यातून वस्तीत रॅम्प किंवा शौचालयात दांडी का होऊ नये?

अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यात सुरू होते. मागणी तेव्हा पोचली पाहिजे. एप्रिलमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मिळणार आणि ते खोटंही नसतं.

पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. जागा नावावर असावी लागते, म्हणजे पुन्हा गुंठेवारीच्या कागदापाशी येतो. वस्तीत कागदांचं काम आधी घ्या म्हणतो ते त्यासाठी.

बचत गटाचा यात काय संबंध?

मोठा. गल्लीत दर महिन्याला न चुकता जमणारी, हिशोब लिहिणारी आणि एकमेकींच्या घरची अडचण माहीत असलेली माणसं म्हणजे गटातल्या बाया. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात १० ते २० बायकांचा गट, असे गट मिळून वस्ती स्तर संघ आणि त्यावर शहर स्तर संघ अशी रचना झाली. गटाला १० हजारांचा फिरता निधी मिळत होता. पण खरा फायदा पैशापेक्षा सवयीचा. ज्या बाईने पंचवीस हजारांच्या कर्जफेडीचा हिशोब ठेवला आहे, तिला पंचवीस लाखांच्या रस्त्याचं इस्टिमेट वाचून दाखवलं की ती पहिला प्रश्न बरोबर विचारते. समितीत निम्म्या बाया असाव्यात, आणि त्यांच्या हाती चहा नव्हे, हिशोब असावा.

बाजार आणि जुन्या पेठा सुधारताना फेरीवाल्यांना हटवावं लागतंच का?

अजिबात नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि ते होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. नगर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. शिवाजी मंडईभोवती किंवा मिरज मार्केटजवळ हातगाडी लावणाऱ्याने सर्वेक्षणात आपली नोंद आहे का हे आधी तपासावं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीचं उदाहरण घ्या. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. दारात वाळत ठेवलेले भोपळे, ओट्यावर बसून जवारी काढणारा, म्हणजे नाद घुमावा म्हणून तारांखालची घोडी घासणारा कारागीर, आत पॉलिशचा वास, असं सगळं काम घराला लागून चालतं. तिथे सुधारणा करायची तर भोपळे वाळवायला ओटा राहिला पाहिजे, टेम्पो आत आला पाहिजे, पावसात लाकूड भिजू नये अशी सामाईक जागा मिळाली पाहिजे. ओटे पाडून रस्ता रुंद केला तर गल्ली ऐसपैस दिसेल आणि धंदा जाईल. हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दलही, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांबद्दलही, तेच. धंद्याची जागा धंदा करणाऱ्याला विचारल्याशिवाय आखू नये.

मुलांना खेळायला जागाच नाही. ती कुठून आणायची?

मंजूर ले-आउटमध्ये ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा सोडावी लागते. गुंठेवारीत ले-आउटच नव्हता, त्यामुळे ही जागा सुटली नाही. तरी तीन ठिकाणी शोधा: शेजारच्या मंजूर ले-आउटचा खुला भूखंड, विकास आराखड्यात मैदानासाठी राखून ठेवलेली जागा आणि महापालिका शाळेचं मैदान. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं ठेवायला एक शिपाई आणि एक दिवा पुरतो, बाग उभी करायला लाखो रुपये लागतात. खुल्या भूखंडाला आधी कुंपण आणि महापालिकेच्या नावाचा फलक लावून घ्या. फलक नसलेला भूखंड फार दिवस खुला राहत नाही. झाडं लावताना गुलमोहराच्या मागे लागू नका, वाऱ्यात तो लवकर मोडतो. कडुनिंब, करंज, चिंच लावा.

गल्लीत दोन गट आहेत, एकत्र येतच नाहीत. काय करावं?

दोघांनाही नको असलेली गोष्ट शोधा. तुंबलेलं गटार, डास, बंद पडलेला दिवा. पक्षाचं नाव, नेत्याचा फोटो आणि श्रेयाचा फलक समितीच्या कामात येणार नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून ठेवा. भांडण मिटण्याची वाट बघत बसू नका.

आम्ही भाड्याने राहतो. आम्ही यात पडावं का?

पडावं, आणि समितीने तुम्हाला आवर्जून बोलवावं. नर्सिंगला आलेल्या मुली, एमआयडीसीतले कामगार, बाहेरून आलेली कुटुंबं, अशी कितीतरी माणसं या शहरात भाड्याच्या खोलीत राहतात. गटाराच्या वासाला मालक-भाडेकरू असा भेद नसतो. पण रस्ता झाला, पाणी नियमित आलं की भाडं वाढतं, आणि ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यांनाच खोली सोडावी लागते, असंही घडतं. त्यावर एका वस्तीने केलेला उपाय सांगतो. गल्लीच्या बैठकीत घरमालकांनी लेखी कबूल केलं की सुधारणेचं काम पूर्ण झाल्यापासून दोन वर्षं जुन्या भाडेकरूंचं भाडं ठरलेल्या दरापेक्षा जास्त वाढवणार नाही. कोर्टात टिकेल असा तो करार नव्हता, पण शेजाऱ्यांसमोर सही केलेली होती आणि बहुतेकांनी ती पाळली. भाडेकरूंनी आपला भाडेकरार नोंदवून घ्यावा, मतदार यादीत सध्याचा पत्ता घालावा आणि पुरानंतरच्या पंचनाम्यात आपलं नाव आणि आपलं सामान वेगळं लिहिलं गेलं का ते तलाठ्यासमोरच तपासावं. पंचनामा घराचा होतो तेव्हा मालकाची भिंत लिहिली जाते आणि भाडेकरूची शिलाई मशीन, गादी, धान्याचा डबा राहून जातो.